रविवारचा तुकडा

आमचे भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. माणूस सोन्यासारखा, पण दुकानात नेऊन सोडला की कोणीही यावं आणि टोपी घालून जावं. चीज घ्यायला गेले तर हमखास तेच उचलणार, ज्याच्या वेष्टनावर हिरवंगार कुरण, गळ्यात घंटा बांधलेली गाय आणि 'आजीच्या हातची चव' असं वळणदार अक्षरांत छापलेलं असेल. घरी आणून उघडावं तर आत खोडरबर.

आणि ताई? ताई आमच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या किराणा दुकानात चीजच्या काऊंटरवर उभी असते. लोक तिच्याकडे डोळे मिटून येतात. ती सांगेल ते घेतात आणि नको म्हणेल ते मुकाट खाली ठेवतात. चीज विकायला ठेवलेली बाई निम्मा वेळ 'हे घेऊ नका' असं सांगत असते आणि तरी तिचाच काऊंटर सगळ्यात जास्त चालतो, हे तिच्या साहेबांना अजून उमगलेलं नाही.

दोघांची भेटही तिथलीच. भावोजी तेव्हा त्या दुकानाची लिफ्ट दुरुस्त करायला यायचे आणि जाताना किसलेल्या चीजची पिशवी उचलायचे. एकदा ताईनं ती सरळ हातातून काढून घेतली. "हे घेऊ नका. किसलेलं चिकटू नये म्हणून त्यात पावडर मारतात. तुकडा घ्या, घरी किसा." पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरं काही उचललं. "हेही नको. मागे वाचा. दूध, मीठ, विरजण, दूध जमवायचं रेनेट, एवढ्यात यादी संपली पाहिजे. ही संपतेय का बघा." लिफ्ट कधीच सुरळीत चालायला लागली होती, तरी भावोजी येतच राहिले. शेवटी आमची आईच म्हणाली, एवढी बोलणी खाऊनही जो परत येतो त्याला मुलगी द्यायला काय हरकत आहे.

लग्नानंतर बोलण्यांचा वार ठरला, रविवार. भावोजींनी ताईचं दुकान सोडून कुठूनही एक चीज आणायचं, वेष्टन काढून, बशीत घालून, तासभर आधी फ्रिजबाहेर ठेवायचं. मग ताई येऊन बसणार. आधी बघणार, मग अंगठ्यानं दाबणार, मग वास घेणार, मग खाणार. निकाल दोनच. 'जमलं' किंवा 'नाही जमलं'. मी खालच्याच मजल्यावर राहते, कपडे अल्टर करून देते आणि रविवारी संध्याकाळी फुकटचं खायला वर जाते. इतक्या वर्षांत मी 'जमलं' एकदाही ऐकलं नव्हतं. भावोजी मान खाली घालून ऐकायचे. कडा सुकून काळपट झाल्यात, तुमचं लक्ष कुठे होतं? तुकड्याला घाम फुटलाय, तरी घेतलात? आणि शेवटी न चुकता विचारायचे, "मग पुढच्या वेळी काय बघू?"

मागच्या महिन्यात ताईला जबरदस्त ताप आला. आठ-दहा दिवसांनी उठली, कामाला लागली, आणि त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी वर गेले. बशीत पिवळे चौकोनी तुकडे होते.

"आज मीच कापून ठेवलं," भावोजी म्हणाले.

ताईनं एक तुकडा उचलला, नाकापाशी नेला, तोंडात टाकला आणि हसून म्हणाली, "जमलं हो!"

मी उडालेच. भावोजींचे डोळे भरून आले. ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बिचारा माणूस, मी मनात म्हटलं, एकदाचा पास झाला. मग मी एक तुकडा तोंडात टाकला. जळका टायर! वर मेणबत्ती! धुराचा असा खोटा, भडक वास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताईकडे बघितलं तर ती दुसरा तुकडा खात होती.

माझं डोकंच सटकलं. आमची ताई चीजच्या बाबतीत आईशीसुद्धा खोटं बोललेली नाही. नवऱ्याचं मन राखायचं होतं तर दुसऱ्या कशानं तरी राखायचं, खोट्या निकालानं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी शिवण टाकून मी तिच्या दुकानात गेले.

काऊंटरपासून चार हातांवरच नाकात झणका गेला. काचेआडचं एक मऊ चीज पार उतरून गेलं होतं, संडास धुण्याच्या औषधासारखा वास मारत होतं. एरवी ताईनं ते सकाळीच बाजूला काढलं असतं. ती त्याच्या शेजारी शांतपणे उभी होती. एका बाईंना तिनं चवीला तुकडा दिला, आणि जी ताई स्वतः सांगायची ती त्यांनाच विचारत होती, "कसं वाटतंय? खारट आहे का जरा?"

बाई गेल्या. मी ताईचं मनगट धरलं. "ताई, तुला हा वास येत नाहीये?"

तिनं त्या मऊ चीजकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. घाईघाईनं ते चीज पिशवीत भरून तिनं मला मागच्या थंड खोलीत ओढत नेलं.

"तापानंतर गेलं गं. काहीच येत नाही. मीठ कळतं, आंबट कळतं, बाकी सगळं कागद खाल्ल्यासारखं. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाही येणार." ती एप्रनला हात पुसतच राहिली. "पुढच्या सोमवारी साहेबांना सांगते, मला इथून काढा, बिस्किटांकडे लावा. लोक माझ्या भरवशावर घेतात गं, त्यांना फसवायचं नाही मला."

"आणि काल?"

"काल घाबरले. तोंडात काय आहे तेच कळेना. म्हटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी चांगलं आणलं असेल. यांना सांगू नकोस. कसे खूश झाले, बघितलंस ना? एवढा एक रविवार जाऊ दे."

मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत रडू आवरलं, ते शिवणयंत्रापाशी बसल्यावर आवरेना. ताईच्या हातूनच मी खायला शिकले. लहानपणी ती मला डोळे मिटायला लावून घास भरवायची आणि विचारायची, आधी काय लागलं, मग काय लागलं. ती बिस्किटांचे पुडे रचत उभी राहणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

पोटात काही ठेवणं मला जमत नाही, आणि रडून झालं की मला राग येतो. तो काढायला भावोजी सापडले. संध्याकाळी ताई यायच्या आत मी वर गेले. ते स्वयंपाकघरात त्या जळक्या टायरचं वेष्टन हातात घेऊन बसले होते.

"असलं भयंकर चीज तुम्हाला मिळालं तरी कुठे?" मी सुरूच केलं.

"मेहुणीबाई, बसा," ते म्हणाले. "सोपं नव्हतं ते. अख्खा बाजार पालथा घातला. सगळ्यात वाईट हवं होतं मला."

मी बसले.

"गेल्या बुधवारी तिनं नासलेल्या दुधाची कॉफी केली," भावोजी सांगू लागले. "नुसता आंबूस भपकारा. तिनं घोट घोट करत सगळी संपवली. आंबट लागते म्हणाली, कॉफीच कडक झाली असेल. मला शंका आली. म्हटलं, खात्री करू. मागची यादी हातभर लांब, रंग घातलेला, धूर बाटलीतला, शिवाय तुकडे करून दिले, म्हणजे अंगठा लावायला नको. नुसतं नाक आणि जीभ. आणि ती म्हणाली, जमलं." त्यांनी वेष्टनाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं."

म्हणजे गॅलरीत ते आनंदानं रडत नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मग एकदम डोक्यात आलं. "थांबा. सगळ्यात वाईट कसं ओळखायचं हे तुम्हाला येतं, तर मग चांगलं..."

भावोजी चक्क लाजले. "पहिली काही वर्षं खरंच फसलो हो. नंतर येऊ लागलं. दर रविवारी शिकवणीच चालली होती ना माझी. पण चांगलं आणलं असतं तर ती 'जमलं' म्हणाली असती, आणि विषय संपला असता. मला तिचं बोलणं ऐकायचं असायचं."

या माणसाला काय म्हणावं, सांगा. मी म्हटलं, "येत्या रविवारी मनापासून आणा." ते म्हणाले, "तेच ठरवलंय. चव मी सांगेन तिला. ती डोळे मिटेल, मी बोलेन."

तो रविवार उजाडला. बशीत पांढऱ्या सालीचं मऊ, गोल, अख्खं चीज होतं. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई समोर बसताच ते म्हणाले, "आज निकालाची घाई नको. मला माहीत आहे. त्या दिवशी कॉफीतलं दूध नासलेलं होतं."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "तू बोललीस?"

"त्यांना आधीच ठाऊक होतं," मी म्हटलं.

"आणि अहो, तुम्ही ती कॉफी प्यायलात?"

"तू केली होतीस."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती पदर नाही, रुमाल नाही, सरळ हातानंच पुसत राहिली. भावोजींनी बशी तिच्याजवळ सरकवली. "तू डोळे मीट. मी सांगतो कसं लागतंय. आधी लोणी, मग..."

पण ताईचा हात सवयीनं बशीकडे गेला होता. तिनं अंगठा कडेला टेकवला. मग मध्यभागी. परत कडेला. रडणं थांबलं. ती खुर्ची पुढे ओढून नीट बसली, चीज उचलून तळहातावर तोललं, उलटं केलं, सालीवरून बोट फिरवलं आणि पुन्हा मध्यभागी दाबलं.

"नाही जमलं," ती म्हणाली.

भावोजींचं तोंड उघडंच राहिलं.

"कडेला मऊ आहे, पण मध्ये कच्चं. चार दिवस थांबायला हवं होतं. अहो, इतकं चांगलं चीज निवडलंत, अन् मधोमध एकदा दाबून बघायला काय झालं होतं?"

मी सुरी घेतली आणि एक फोड कापली. आत बरोबर मधून खडूसारखी पांढरी रेघ गेली होती. खाऊन बघितलं, कड लोण्यासारखी, मध्ये भुसभुशीत आणि बेचव. "ताई, तू म्हणतेस तस्सं," मी म्हटलं. तिनं ती रेघ बघितली, आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली.

भावोजींचे डोळे पुन्हा भरून आले, पण या वेळी ते गॅलरीत गेले नाहीत. तिथेच बसून खो खो हसत होते. "चीज कळायला लागल्यापासून पहिल्यांदा मनापासून आणलं, तेही नापास!"

"पहिल्यांदा?" ताईनं मान वर केली. "पहिल्यांदा म्हणजे? मग इतकी वर्षं मला काय खायला घालत होतात?"

पुढचा अर्धा तास भावोजींनी जी बोलणी खाल्ली, ती मी इथे लिहीत नाही. ते कान देऊन ऐकत होते, आणि इतका सुखी माणूस मी क्वचितच बघितला आहे.

दम लागल्यावर ताईनं चीज कागदात गुंडाळलं. मी हळूच विचारलं, "उद्या साहेबांना काय सांगणार?"

"खरं तेच. नाक गेलंय, पण अंगठा आहे. वासाला हे येतील रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी."

"मी?" भावोजी म्हणाले. "आणि साहेब नको म्हणाले तर?"

"तर बिस्किटं. पण विचारल्याशिवाय नाही." तिनं पुडकं त्यांच्या हातात दिलं. "गुरुवारी काढा. तासभर आधी. आणि तेव्हा सांगा मला, आधी काय लागतं आणि मग काय लागतं."

भावोजींनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि जपून फ्रिजमध्ये ठेवून आले.