कोंबडीच्या जागी खेकडा

मरण्याआधी मिर्तोनं नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. "अहो, माझ्या तोंडात ते खेकड्याचं नाणं ठेवू नका. मेलेल्यांना पलीकडे नेणाऱ्या नावाड्याच्या हातावर भाडं म्हणून मी आपलं जुनं नाणंच ठेवणार."

तिचा नवरा मेगिलोस टांकसाळीत नाण्यांचे साचे कोरायचा. खेकडा त्यानंच कोरला होता. त्यांच्या हिमेरा शहराच्या नाण्यावर पूर्वी एकीकडे कोंबडा आणि दुसरीकडे कोंबडी असे. मग दुसऱ्या शहरानं, आक्रागासवाल्यांनी, हिमेरा जिंकून घेतलं. वेशीवर लढलेल्या पोरांची प्रेतं त्यांनी समुद्रात फेकली, त्यांत या दोघांचा मुलगाही होता. पाठोपाठ टांकसाळीत हुकूम आला: कोंबडा राहू द्या, कोंबडीच्या जागी आमचा खेकडा आणा. मेगिलोसनं पोटासाठी छिन्नी उचलली. इथवर मिर्तोनं समजून घेतलं असतं. पण पोटासाठी करायचं काम माणूस कसंबसं उरकतो. या बाबानं त्यात जीव ओतला.

"खुराड्यात खेकडा घातलात," ती म्हणायची, "आणि वर त्याचे लाडही केलेत!"

जुनी नाणी सगळी वितळवून झाली होती. लपवणाऱ्याच्या पाठीवर कोरडे बसत. मिर्तो गेली त्या सकाळी मेगिलोस तरीही दारोदार फिरला. शेजारच्या कुंभारानं दार अर्धंच उघडलं.

"असतं तरी तुला दाखवलं असतं का रे? टांकसाळीतला माणूस तू!"

घरी लेक क्लेइतो आईला तेल लावून, पांढरं वस्त्र नेसवून बसली होती.

"मिळालं, बाबा?"

"नाही गं."

"मग खेकडा घासून काढा. तुम्हीच केलाय ना?"

पोरगी खरं तेच बोलत होती. त्यानं एक नवं नाणं घेतलं, अंगणात बसून कानस चालवली. खेकड्याचे पाय गेले. पाठ गेली. डावी नांगी गेली. उजव्या नांगीपाशी मात्र हात थांबला. ती नांगी कोरण्यासाठी त्यानं बंदरावरून जिवंत खेकडा आणून तो मरेपर्यंत न्याहाळला होता. ती पाहायला खुद्द आक्रागासचे कारागीर आले होते, आणि गप्प होऊन परतले होते. उभ्या जन्मात त्याच्या हातून मनासारखं उतरलेलं तेवढंच एक काम. बाजारात तशा हजारो नांग्या फिरत होत्या, एक पुसली असती तर काय बिघडणार होतं? त्यालाही ते कळत होतं. स्वतःची लाज वाटत होती. पण हात काही चालेना.

"झालं का, बाबा?"

"झालं," तो म्हणाला, आणि कोंबड्याची बाजू वर करून नाणं तिला दाखवलं.

क्लेइतोनं डोळे पुसले. "आता आई सुखानं जाईल."

मेगिलोसनं मिर्तोचे ओठ उघडले, नांगीची बाजू तिच्या जिभेवर टेकवली आणि लेक जवळ यायच्या आत जबडा फडक्यानं घट्ट बांधून टाकला.