तंबू पाहुण्यांकडे होता

इसिक-कुल सरोवराकाठी घोडेस्वारीचे मोठे खेळ भरणार म्हणून गावातल्या घराघराने आपला बुरणुसाचा, दाबलेल्या लोकरीचा गोल तंबू पाहुण्यांच्या मुक्कामाला द्यायचा होता. म्हाताऱ्या जुनुशचं मन होत नव्हतं. त्याची बायको कलबुबू मात्र हट्टाला पेटली.

“पाहुणे आले तर रस्ता होईल, पोरींच्या हातची जाजमं खपतील. तुम्ही बसा तंबू उराशी धरून.”

“बसेन की. तुझ्यापेक्षा तो कमी बोलतो,” जुनुश म्हणाला, आणि तंबूच्या स्वतः तासलेल्या काठ्या त्याने मुकाट्याने गाडीत चढवल्या.

रस्ता खरंच झाला. जाजमंही खपली. आणि खेळ ऐन रंगात आले असताना घोडीला पाणी दाखवता दाखवता जुनुश अंगणात कोसळला, तो उठलाच नाही.

गेलेल्या माणसाला अंगणात तंबू उभारून त्यात निजवतात. जुनुशला त्याच्याच तंबूतून निरोप द्यायचा, एवढंच आता कलबुबूच्या हाती उरलं होतं. पुतण्या मेदेर खेळांच्या व्यवस्थेत होता. त्याच्या गाडीतून ती सरोवरावर गेली.

तंबूत दूरदेशीचं एक वयस्कर जोडपं उतरलं होतं. त्यांनी तिला मानाच्या जागी बसवलं, तिच्याच पेल्यात चहा दिला.

“काकू, मी सांगतो त्यांना. दुसरीकडे सोय लावतो,” मेदेर हळूच म्हणाला.

“काय सांगशील? घरात मयत झालंय, उठा?”

“मग काय करायचं?”

“तुझ्या काकांनी जन्मात पाहुणा उठवला नाही रे. आज त्यांच्या नावाने उठवू?”

पाहुण्यांचा घास कडू होऊ नये म्हणून ती हसली. रोटीचा तुकडा मोडला, अल्लाचं नाव घेतलं, दोघांना सुखी राहा म्हणाली आणि बाहेर पडली.

मेदेरने खेळांसाठी आणलेला प्लास्टिकचा मंडप अंगणात लावला. नव्या रस्त्याने लांबलांबची माणसं लोटली. एवढी गर्दी गावात कुणाच्या मयताला झाली नव्हती. पुरुष बाहेर काठ्या टेकून रडत उभे राहिले. बायका आत, भिंतीकडे तोंड करून बसल्या. विलाप विधवेनेच सुरू करायचा, आणि पहिले बोल धन्याने डोक्यावर धरलेल्या छपराचे.

कलबुबूने तोंड उघडलं. वर मंडप वाऱ्याने फडफडत होता.

“म्हण गं वहिनी,” नणंद कुजबुजली, “माणसं थांबलीत.”

“कुठलं छप्पर म्हणू गं? मीच ते देऊन टाकायला लावलं.”

मग नणंदेनेच सूर धरला.