टिचबटणाचे पाय

मी साप बोलतोय. दचकू नका. मी विषारी नाही, लोकरीचा आहे, आणि तोसुद्धा डाव्या पायातला. म्हणजे मूळचा मी मोजा. हिरवा, जाड, टाचेशी विरलेला. माझा जोडीदार धुण्यात कुठं गडप झाला ते धुलाई यंत्रालाच ठाऊक. जोडी फुटलेल्या मोज्याला जगात कोण विचारतो? घरधन्यानं मला फडक्यांच्या टोपलीत टाकलं, तेव्हा जन्मभर बूट पुसायचे अशी मी मनाची तयारीही केली होती.

पण घरातल्या धाकट्या बाईंवर, म्हणजे भुंगीच्या आईवर, नवीनच काम येऊन पडलं होतं. चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी मुलांना गोष्ट सांगायची. आधीच्या बाई गाव सोडून गेल्या आणि बाकी सगळ्यांनी एकदम जमिनीकडे बघितलं. हिनं नेमकं वर बघितलं. झाली नेमणूक.

आईचा स्वभाव काळजीचा. दूध उकळलं का हे ती तीनदा बघते, आणि चौथ्यांदा वळेपर्यंत ते उतू जातं. पहिलीच गोष्ट वाट्याला आली बागेची. आदाम, हव्वा, देवानं मना केलेलं फळ आणि साप. तिनं मला टोपलीतून उचललं, डोक्यात कापूस भरला, काळे मणी लावून डोळे दिले, लाल फितीची जीभ दिली. हात आत घातला की मी बोलायचो. लोक अस्तनीतल्या सापाला भितात. इथं सापाच्याच पोटात हात.

आता पायांचं सांगतो.

भुंगी सात वर्षांची. पाठीमागं प्रश्नांची भुणभुण लावते, म्हणून भुंगी. आईनं तिला गोष्ट सांगून बघितली. शेवटी देव आदाम-हव्वाला बागेबाहेर काढतो, आणि सापाला शिक्षा करतो, आता तू पोटावर सरपटशील. तर ही म्हणाली, "म्हणजे आधी तो चालायचा?"

"अं... असेल."

"किती पाय होते?"

आईच्या दोन पदव्या झाल्यात. सापाचे पाय किती, हे एकाही परीक्षेत आलं नव्हतं.

तिनं दिराला विचारलं. भुंगीचा काका शाळेत जीवशास्त्र शिकवतो. तो खूश झाला. "वहिनी, पोरगी बरोबर बोलतेय. सापांच्या पूर्वजांना खरंच पाय होते. अजगराच्या अंगावर अजून नखाएवढी खूण असते."

"आणि आदाम-हव्वा?"

"माणूस लाखो वर्षांत हळूहळू घडला असं मी वर्गात शिकवतो, आणि रविवारी तुमच्याच बाकावर बसून प्रार्थना करतो. माणूस कधी झाला ते ही गोष्ट सांगत नाही, वहिनी. माणूस कसा आहे ते सांगते."

पलीकडे आजी बटाटे सोलत होती. भुंगीची आजी, म्हणजे आईच्या सासूबाई. सुरी न थांबवता म्हणाली, "आणि सैतान? तोपण हळूहळूच घडला का रे?"

काकानं एक बटाटा उचलून सोलायला घेतला.

आजीचं म्हणणं सरळ होतं. सैतान आधी देवदूत होता, गर्वानं पडला. तोच सापाच्या रूपात बागेत शिरला. आदाम-हव्वा खरीखुरी माणसं, सगळ्यांत पहिली. त्यांच्या चुकीचा डाग घेऊनच प्रत्येक जण जन्मतो. "डाग म्हणजे डाग. मोज्यावरच्यासारखा साबणानं नाही जात," असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं. मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

मग आईनं चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "बायबलच्या पहिल्या पुस्तकात सापाला सापच म्हटलंय. तो सैतान होता हे शेवटच्या पुस्तकाच्या उजेडात कळतं, असं आपल्यातले पुष्कळ जण मानतात. काही म्हणतात सैतान ही कुणी व्यक्ती नाही, वाईटाला दिलेलं नाव आहे. आणि काही जुने गुरू तर म्हणायचे, आदाम-हव्वा अजून लेकरंच होती. मोठं व्हायची घाई नडली त्यांना."

"मग मी मुलांना नक्की काय सांगू?"

"ते सोपं असतं बाई, तर मी दर रविवारी एवढा वेळ बोललो असतो का?"

आईनं सगळ्यांचं ऐकलं, काहीच ठरवलं नाही आणि मला चार पाय लावले. आजीच्या जुन्या तपकिरी हातमोज्याची चार बोटं कापून. अंग पायमोज्याचं, पाय हातमोज्याचे! पाय बसवले टिचबटणांवर. शिक्षेची वेळ आली की टच, टच, टच, टच, असे चारही काढायचे. युक्तीवर आई स्वतःच एवढी खूश झाली की लगेच तिला शंका आली, हे जरा जास्तच तर होत नाही ना?

तालीम घेताना पहिला पाय निघाला आणि भुंगी ओरडली, "दुखतंय त्याला!"

"अगं, मोजा आहे तो."

"मग ओठ का हलतायत त्याचे?"

आईनं पाय परत टच करून लावला.

गुरुवारी घरातली जाड सुई हरवली. लहान मूल असलेल्या घरात सुई हरवणं म्हणजे काय, ते या आईला विचारा. गाद्या झटकल्या, उशा चाचपल्या, काकाच्या शाळेतून लोहचुंबक आणून सतरंजीवरून फिरवलं. दोन पिना आणि एक नाणं मिळालं. सुईला जणू पाय फुटले होते.

"भुंगे, तू घेतलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना!"

आजी म्हणाली, "डोळे बघ तिचे. सैतान शिरलाय पोरीत."

आजीनं ते सवयीनं म्हटलं, कुणी 'अंगात वारं शिरलंय' म्हणावं तसं. पण आईचा चेहरा उतरला. तिच्या ओठांवर काहीतरी आलं, ते तिनं गिळलं, आणि मग दिवसभर गिळल्याचाच राग येत राहिला. शास्त्र मला कळत नाही, निदान लेक तरी कळायला हवी होती, असं काहीतरी ती भांडी घासताना पुटपुटली.

मला सगळं ठाऊक होतं. सापाचे पाय सापालाच दिसतात म्हणतात ना, तसं. पण माझं तोंड दुसऱ्याच्या बोटांवर चालतं.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर भुंगीनं माझ्यात हात घातला आणि मला तोंडासमोर धरलं. हळूच विचारलं, "तू माझ्यात शिरलायस का?"

बाळे, नीट बघ, कोण कोणात शिरलंय? मला सांगायचं होतं ते.

"मी मुळातच वाईट असले तर मलापण घराबाहेर काढतील?" तिचे ओठ थरथरत होते आणि तिच्या बोटांनी माझेही.

रविवार उजाडला. पंधरा मुलं चटईवर बसली. आजी मागच्या खुर्चीत, सून काय सांगते ते ऐकायला. आईनं मला पिशवीतून काढलं आणि गोष्ट सुरू केली. बाग छान झाली. फळ खाल्लं गेलं. देवाच्या पावलांचा आवाज आला, आदाम-हव्वा झाडांमागं लपले. मग शिक्षा. मान नीट ताठ करायला आईनं बोट माझ्या डोक्यातल्या कापसात खोलवर दाबलं.

"आई गं!"

"चावला! साप चावला!" मुलांनी टाळ्याच पिटल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा चावा. आईनं बोट काढलं. टोकाला रक्ताचा मणी. तिनं माझं डोकं चाचपलं आणि कापसातून जाड सुई बाहेर आली, लाल दोऱ्यासकट.

काही न कळून तिनं माझा पुढचा पाय ओढला. निघेना. दुसरा. तोही नाही. चारही पाय लाल दोऱ्यानं घट्ट शिवलेले, आडवेतिडवे, एक तर चक्क उलटा.

आईनं चटईकडे बघितलं. भुंगीची जागा रिकामी होती.

"भुंगे?" तिचा आवाज चिरला. "भुंगे, कुठं आहेस तू?"

आणि ती थबकली. बागेत देवानंही हेच विचारलं होतं. आठवडाभर ते वाक्य तिनं दरडावून म्हणायची तालीम केली होती. आत्ता तोंडून निघालं ते तसं नव्हतं. लेकरू दिसेना म्हणून घाबरलेल्या आईचं होतं.

कोपऱ्यात कोट टांगायची खुंट्यांची रांग होती. एका लांब कोटाखाली दोन छोटे बूट दिसत होते.

आई जाऊन खाली बसली. मी अजून तिच्या हातात. कोट बोलला, "मीच घेतली सुई. खोटंपण बोलले. माझ्यात सैतान आहे."

चटईवरची मुलं कान टवकारून होती. आजीही.

"सैतान कोण, कुठून आला, यावर मोठी माणसं अजून भांडतायत," आई म्हणाली. "मला नाही माहीत, भुंगे. पण तू खोटं बोललीस, ते चूक. सुई लपवलीस, ते तर फारच. माझा जीव अर्धा झाला."

"मग आता मला बाहेर काढणार?"

आईनं उलट्या पायाकडे बघितलं. "गोष्टीत शेवटी काय होतं, आठवतंय? बागेतून पाठवायच्या आधी देव त्या दोघांसाठी काय करतो?"

कोटामागून बारीक आवाज आला, "कपडे."

"हो. स्वतः करून घालतो. ज्याला टाकूनच द्यायचं, त्याच्यासाठी कुणी शिवत बसतं का? तूच सांग. तू शिवलेस ना याचे पाय?"

कोट हलला. आधी नाक बाहेर आलं, मग भुंगी. आईनं तिला कवेत घेतलं, आणि दोघींच्या मध्ये मी चेंगरलो. मोजा असताना रोज चेंगरायचो, पण असं सुख नव्हतं.

मागून आजीची खुर्ची करकरली. आता हिचं काहीतरी निघणार, म्हणून आईचे खांदे ताठ झाले. आजीनं मला काढून घेतलं, चष्मा वर केला. "साप तो सैतानच. माझं मत बदलणार नाही. पण काय गं हे टाके? आठवडाभरात उसवतील. आण ती सुई इकडे." आणि भुंगीला शेजारी ओढून म्हणाली, "बघ, गाठ अशी मारायची. आणि त्या दिवशी बोलले ते मनावर घेऊ नकोस. माझ्या जिभेलापण टाका हवाय एक."

तेव्हापासून मी वर्गातल्या कपाटावर असतो, चार पायांवर उभा. तीन पाय आजीनं पक्के केले; उलटा पाय भुंगीनं कुणाला हात लावू दिला नाही. काका येता-जाता मला "पूर्वज" म्हणतो. आजी अजून जरा लांबूनच जाते. पाळकसाहेब म्हणतात, या खोलीत मतं तीन आणि साप एक, बरं चाललंय. शिक्षेची जागा आली की आई मला नुसती पोटावर झोपवते, आणि गोष्ट कपड्यांपर्यंत नेल्याशिवाय सोडत नाही.

माझी एकच विनवणी आहे. माझ्याबद्दल खुशाल भांडा, मला सवय आहे. पण भांडताना मध्येच एकदा कोटांखाली वाकून बघत जा. छोटे बूट दिसले, तर आधी हाक मारा.