लिस्बनची तालीम

रूपालीने आईच्या बुटाची नाडी खेचून दुहेरी गाठ मारली आणि गुडघ्याला लागलेली माती झटकत ती उठली.

"लई आवळलंस गं," गोजराबाई म्हणाली.

"घसरण्यापेक्षा बरं. लिस्बनचे रस्ते असेच आहेत. गुळगुळीत दगड आणि सगळा चढ."

गेणबा तोवर पायवाटेला लागलाही होता. हात पाठीशी बांधलेले, मान ताठ, नव्या बुटांची फिकीर नाही.

"आप्पा!" रूपाली ओरडली. "आज पुढे पळायचं नाही. तिघांनी बरोबर चालायचं."

गेणबा थांबला, पण वळला नाही.

"बरूबर कशाला? ही काय गाडीवाट हाय व्हय?"

"तिकडे गर्दीत पुढे निघून गेलात, तर आई कुणाला विचारणार? तिला पोर्तुगीज येतं का?"

गेणबा बाजूला सरकून उभा राहिला. गोजराबाई मात्र वरच्या वळणाकडे बघत राहिली.

सुनील, त्यांचा धाकटा, नोकरीसाठी लिस्बनला होता. उंचावरच्या एका गल्लीत त्याचं घर. गाडी नव्हती, आणि गाडी ठेवायला जागाही नव्हती. तिथले म्हातारे भाजीची पिशवी घेऊन चढ चढतात, दमले की ट्राममध्ये बसतात, हे तो फोनवर दाखवायचा. आईवडिलांनीही तसंच फिरावं, मग आगगाडीने पोर्तोला जाऊन तिथले चढही बघावेत, असा त्याचा बेत होता. रूपाली हिंजवडीत कामाला, थोरली, आणि भरे गावच्या या घरातला शेवटचा शब्द तिचाच. ती म्हणाली होती, सुनील दिवसभर ऑफिसात, तुम्ही दोघंच रस्त्यावर, धाप लागली तर कुणाला सांगणार? आधी मला गावामागची खिंड चढून दाखवा. वर पोचलो की तिथेच तिकिटं काढते.

गोजराबाईला जायचं होतं. आजवर ती कुठेही गेली ती कुणाच्या तरी बाळंतपणाला, लग्नाला, नाहीतर मयताला. सुनीलचं लग्न व्हायचं होतं, तिकडे कुणी आजारी नव्हतं, कुणाला तिच्या हातच्या भाकरीची गरज नव्हती. नुसतं बघायला जायचं, नुसतं हिंडायचं. असं जाता येतं हे कळल्यापासून तिला रात्री नीट झोप नव्हती.

खिंडीची तिला काळजी नव्हती. तिचं माहेर मुठ्याला, डोंगरापलीकडे. एसटी नव्हती तेव्हा नवराबायको याच वाटेने यायची-जायची. गेणबा पुढे, ती मागे, जशी सगळ्या घरांतली माणसं चालतात तशी. वळणावर तो तंबाखू मळत उभा असायचा आणि म्हणायचा, "कवाधरनं थांबलोय." लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एकदा ती जरा लवकर वळणावर पोचली. गेणबा कमरेत वाकलेला, हात मांड्यांवर, छातीचा नुसता भाता झालेला. ती पावलं न वाजवता माघारी गेली आणि पुन्हा आली ती बांगड्या वाजवत. तेव्हापासून ती हळू चालणारी बाई झाली. सासू टोमणे मारायची, जावा हसायच्या, आणि मुलांनाही वाटायचं की आईच्या पायात जोर नाही. अलीकडे रानात जातानाही तिला वळणाखाली फारच वेळ काढावा लागत होता. डॉक्टरचं नाव काढलं की गेणबा जेवण टाकून उठायचा.

आज तिघं एका रांगेत होती. रूपाली मध्ये. वळणाआड लपायची सोय नव्हती.

"तिथे रस्त्यातच मोठी लिफ्ट आहे, आप्पा. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर नेते."

"आसंल की. आपल्याला कशाला पायजेल लिप?"

थोडं चढल्यावर त्याचं उत्तर दोन शब्दांवर आलं. मग नुसतं "हां" राहिलं. दिवाळीनंतरचं गवत पिवळं पडलं होतं आणि हवेत गारवा होता, तरी त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. त्याच्या श्वासातली बारीक शिट्टी गोजराबाईला ऐकू आली. रूपालीने मान त्याच्याकडे वळवली, त्याच क्षणी गोजराबाई मटकन खाली बसली.

"अगं आई गं! गुडगा!"

रूपाली धावली, गुडघा चोळू लागली. गेणबा चार पावलं पलीकडे पाठ करून उभा राहिला, जणू खाली घोटावड्याच्या कारखान्यांचे पत्रे मोजतोय. त्याचे खांदे वरखाली होत होते. ते हळूहळू शांत झाल्यावरच गोजराबाई म्हणाली, "चला, गेली कळ."

पुढच्या चढावर कळ पुन्हा आली. त्याच्या पुढच्या चढावर पुन्हा. तिसऱ्या वेळी रूपालीने गुडघ्याला हात लावला नाही. ती उभ्याउभ्याच आईकडे बघत राहिली.

"आई, मी स्पष्ट बोलते. तुला नाही झेपणार हे."

"झेपंल की. जरा बसलं की बरं वाटतंय."

"तिथे कुठे कुठे बसशील? परक्या देशात कुठे पडलीस म्हणजे?" तिचा आवाज चढला, मग तिनेच तो खाली आणला. "सुनील पुढच्या महिन्यात येतोय. आप्पा जातील त्याच्याबरोबर. त्यांचं तिकीट काढते. तुझं गुडघ्याचं काय ते बघून पुढे कधीतरी."

गोजराबाईने गेणबाकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, पण ते बोललं तर लेकीसमोर या माणसाला मान वर करता आली नसती. ते त्यानेच बोलावं म्हणून ती थांबली. गेणबाने कोपरीच्या खिशातून तंबाखूची चंची काढली, न उघडताच परत ठेवली.

"व्हय," तो म्हणाला. "हिला न्हाई व्हायचं ते."

गोजराबाईला राग आला. असा राग तिला सासूचाही कधी आला नव्हता. तिने गुडघ्यावरचा हात काढला, पदर कमरेला खोचला आणि उठून त्याच्याकडे बघत राहिली. नजर काढली नाही. रूपाली फोनवर बोट फिरवत होती.

गेणबा वर निघाला. नेहमीसारखा पुढे, तरातरा, वळणाच्या दिशेने. वळण दोन हातांवर आलं आणि तो तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वाटेकडेच्या दगडावर बसला.

"गोजरे," तो म्हणाला. मध्ये श्वास घ्यावा लागला. "तू हो म्होरं."

"आन् तुमी?"

"मी बसतुया हितंच." पुन्हा श्वास. "जा. आता थांबू नगंस कुटं."

ती त्याच्या जवळून गेली तेव्हा त्याने मान खाली घातली होती. वळण मागे पडलं आणि तिचे पाय मोकळे सुटले. दगडावरून दगडावर, बाजूची कारवी हाताने सारत, ती चढत गेली. मागून रूपालीच्या हाका येत होत्या. "आई, हळू! अगं, गुडघा!" ती थांबली नाही. खिंडीत पोचून तिने वळून पाहिलं, तर रूपाली बरीच खाली एका झाडाला धरून उभी होती.

लेक धापा टाकतच वर आली.

"तुझा गुडघा?"

"बरा हाय."

रूपालीने खाली पाहिलं. गेणबा त्याच दगडावर होता, दोन्ही हात मांड्यांवर टेकून, वाकून. कुणी बघतंय याची त्याला आता पर्वा दिसत नव्हती.

"कधीपासून?"

"तू व्हायच्या आदीपास्नं."

रूपालीचा चेहरा उतरला. मग तिने फोन खिशात टाकला.

"उद्या सकाळीच दवाखान्यात नेते त्यांना. तिकिटांचं मग बघू. दोघांचं एकदमच काढू."

गोजराबाईच्या तोंडावर "व्हय" आलं होतं. इतकी वर्षं तेच येत होतं.

"त्यास्नी उद्या न्हे. मीबी येते," ती म्हणाली. "डाक्टर हो म्हनला की त्यांचं काड. माजं आत्ताच काड."

"आप्पांशिवाय जाशील?"

"सुनील हाय की तितं."

"तो ऑफिसात असतो, आई. दिवसभर एकटी काय करशील?"

"हिंडंन."

रूपालीने तिच्याकडे बघत फोन पुन्हा बाहेर काढला. वाऱ्याकडे पाठ करून ती बराच वेळ बोटं चालवत होती.

"झालं तुझं," ती शेवटी म्हणाली. "चल, आप्पा खाली एकटेच आहेत."

"तू हो म्होरं. त्यांच्यापाशी बस."

रूपाली उतरू लागली. गोजराबाईचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत. ती खिंडीतल्या उंबऱ्याएवढ्या दगडावर पाय पसरून बसली. रूपाली गेणबाच्या दगडापाशी पोचली, आणि खालून दोघंही मान वर करून गोजराबाईची वाट बघू लागली. बघू देत थोडा वेळ, असं म्हणून तिने बुटाची नाडी सैल केली.