बिनवासाचा नवरा

वच्छलाला नवऱ्याचा संशय आला तो त्याच्या शर्टाला वास येईना म्हणून. बाकीच्या बायकांना वास आला की संशय येतो. हिचं सगळं उलटंच.

हेमराज इटियाडोह धरणाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये स्विमिंग पूल सांभाळायचा. रोज पाण्यात क्लोरीनची पावडर टाकायची, पानं काढायची, तळ घासायचा. संध्याकाळी त्याची सायकल अंगणात लागायच्या आत पावडरचा वास घरात शिरायचा. "दूर राहा जी, डोये चुरचुरतात माहे," म्हणत वच्छला त्याला आधी आंघोळीला हाकलायची. त्याचे कपडे वेगळे धुवायची आणि धुताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढी कुरकुरायची. पण वास होता तोवर माणूस कुठून आला हे विचारावं लागत नव्हतं.

महिनाभरापासून तो वास गेला. शर्ट असा कोरा, की माणूस कामावर नाही, पाहुणचाराला जाऊन आला.

"अजी, पावडर टाकत नाही का आता?" तिनं एकदा जेवताना विचारलंच.

"मशीन लागली. पाण्यात मीठ टाकतो. त्याच मिठापासून मशीन क्लोरीन बनवते."

"मीठ? पाणी साफ करून राहिले का लोणचं घालून राहिले?"

हेमराज हसलासुद्धा नाही. हात धुतला आणि झोपला. पूर्वीसारखा उलट बोलला असता तरी चाललं असतं. हे गप्प राहणं तिला फार झोंबलं. शिवाय खोटं बोलावं तर जरा बरं तरी बोलावं! जन्मभर मीठ हाताळलेल्या बाईला हा मिठाच्या गोष्टी सांगतो.

त्यात मागे कधीतरी त्याच्या तोंडून 'रीना मॅडम' असं निघालं होतं. रिसॉर्टच्या काउंटरवर गोंदियाची नवी मुलगी आली होती, एवढंच. वच्छलाला तेवढं पुरलं. भात शिजेपर्यंत तिनं रीनाचं नाक ठरवलं, भांडी घासेपर्यंत केस. चार दिवसांत रीना इतकी देखणी झाली, की वच्छलाला आरशात बघवेना. जेवण गोड लागेना. शेवटी एका दुपारी ती ऑटोत बसली आणि थेट रिसॉर्टवर जाऊन उतरली.

काउंटरवर बसलेल्या रीनाचं नाक सर्दीनं लाल झालं होतं. हेमराजची बायको म्हटल्यावर ती लगबगीनं उठली. "अरे भाभी, या ना! पूल बघायचा का?"

तिनं पंपाची खोली दाखवली. पाइपच्या मधोमध बसवलेली मशीन दाखवली, कोपऱ्यातली मिठाची पोती दाखवली. वच्छलाचं समाधान होईना. ती पुलाच्या काठाशी वाकली, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. पेजेत घालावं तितपत खारट. म्हणजे खरंच होतं सगळं! नवरा खरा, मीठ खरं आणि ही पोरगी बिचारी नाक पुसून बेजार. वच्छलाला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"अन् हे कुठं हायेत?" तिनं हसत विचारलं.

"भाऊ? ते तर दुपारीच निघतात. मशीन लगी तब से काम बचतंच कुठं? रोज तिकडे नहराकडे जातात."

वच्छलाचं हसू गेलं. घरी तर तो अंधार पडल्यावर येतो.

पदर खोचून ती कालव्याच्या काठानं निघाली. तिथं नक्की कोणीतरी बाई असणार; आता कसली गय नाही. दोघांना एकदमच धरायचं, आधी तिला, मग ह्याला. काय काय बोलायचं तेही तिनं चालता चालता जुळवून ठेवलं.

करंजाच्या सावलीत सायकल टेकवलेली होती. बाजूला हेमराज पाण्याकडे तोंड करून बसला होता. एकटाच. वच्छलानं झाडामागे पाहिलं, पलीकडच्या बांधावर पाहिलं.

"कोठं हाय ते बाई?"

हेमराज दचकला. "कोण?"

"जिच्यासाठी इथं बसून राहता रोज."

"कोणी नाही वं."

"मंग घरी काऊन येत नाही?"

तो परत पाण्याकडे वळला. मग रागावून नव्हे, आज ऊन आहे असं सांगावं तसं म्हणाला, "इथं कोणी काही म्हणत नाही."

वच्छला जागच्या जागी उभी राहिली. बाई असती तर तिनं झिंज्या धरल्या असत्या, गाव गोळा केलं असतं, नवऱ्याला ओढत घरी नेलं असतं. इथं धरायला कोणी नव्हतं. जिच्यासाठी तो रोज घर टाळत होता ती नुसती शांतता होती, आणि वच्छला तिच्यावर जळली, रीनावर जळली नव्हती इतकी. तोंडाशी आलेलं सगळं बोलून टाकलं तर ती शांतताच जिंकणार, हे तिला कळत होतं.

तरी तिनं तोंड उघडलं मात्र, हेमराज उठला, चपला पायात सारल्या आणि सायकल घेऊन घराच्या उलट दिशेला, काठानं आणखी पुढे चालू लागला.