नाव न घालणाऱ्या चौघांचे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. किती जुने, ते माझ्या दुसऱ्याच पानावर छापलेले आहे. पण तेवढे पान उलटण्याचे कष्ट घेणारी माणसे मला फार थोडी भेटली. माझ्या पोटात मत्तय, मार्क, लूक आणि योहान या नावांची चार शुभवर्तमाने आहेत. येशूच्या आयुष्याची हकिकत चौघांनी आपापल्या परीने सांगितली आहे.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. काळी कापडी बांधणी आणि लाल रंगवलेल्या कडा, असे माझे रूप होते. तिथून मी वाईच्या एका दवाखान्यात आले. रुग्णांनी मला वाचावे अशी अपेक्षा होती. काहींनी वाचलेही. एकाने माझ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. दुसऱ्याने डुगडुगणाऱ्या कपाटाखाली मला सारले, आणि मग कपाट हलत नाही म्हणून तो फार खूश झाला. पुस्तकाचा इतकाच उपयोग ज्यांना सुचतो, त्यांच्याबद्दल मी काय बोलावे?

पुढे रद्दीबरोबर मी साताऱ्याला गेले. तिथल्या दुकानातून चारुलताबाईंनी मला उचलले, धूळ पुसली आणि वाईला घरी नेले.

चारुलताबाई कॉलेजात मराठी शिकवत असत. त्या ख्रिस्ती नव्हत्या. जुन्या पोथ्यांत मागाहून कोणी काय घुसडले ते शोधण्यात त्यांची हयात गेली होती. अभंगाच्या शेवटी संताचे नाव आले म्हणून तो अभंग त्या संताचाच असतो असे नाही, हे त्या वर्गात पुन्हा पुन्हा सांगत. माझी पाने वाचताना त्यांना तोच प्रश्न पडला. शुभवर्तमानावर मत्तयाचे नाव आहे, पण आतल्या मजकुरात 'मी मत्तय, हे लिहितो' असे कुठे आहे?

ते कुठेच नव्हते. चौघांपैकी कोणीही मजकुरात स्वतःचे नाव सांगितलेले नाही.

निवृत्तीनंतर बाई ग्रीक शिकल्या, कारण मूळ लिखाण त्या भाषेत आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, तरी भिंग घेऊन बसत. जगभरच्या अभ्यासकांनी काय म्हटले आहे ते त्यांनी ताडून पाहिले आणि मराठीत लिहून काढले. मार्काचे शुभवर्तमान बहुधा सर्वांत आधीचे, येरुशलेमचे मंदिर पडले त्या सुमाराचे, म्हणजे येशूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिलेले. मत्तय आणि लूक लिहिणाऱ्यांसमोर मार्काचे लिखाण असावे, इतक्या ओळी जुळतात. योहान बहुधा शेवटचे. आणि ही चार नावे मागाहून, दुसऱ्या शतकात चिकटली असावीत. जिथे खात्री नाही तिथे बाईंनी 'बहुधा' लिहिले. तो शब्द खोडण्याचा मोह त्यांना कधीच झाला नाही, म्हणून मला त्या आवडत.

मग सांगलीचे सुमंतराव आले.

सुमंतराव एका ज्ञानमंडळाचे कार्यवाह होते. त्यांच्या नावावर धरणे, मधुमेह, शिवकाल आणि वास्तुशास्त्र अशा सगळ्या विषयांवर पुस्तके होती. पुस्तक मंडळ छापेल, असे सांगून त्यांनी बाईंचे लिखाण नेले. मुखपृष्ठावर फोटो हवा म्हणून मलाही नेले.

सांगलीत मी त्यांच्या काचेच्या टेबलावर राहिले. फोटो काढताना ते मला छातीशी धरत, पण मला उघडून त्यांनी कधीच पाहिले नाही. एका वार्ताहराला त्यांनी सांगितले की हा ग्रंथ पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. प्राचीन लिखाणाच्या काळावर पुस्तक काढायला निघालेल्या या माणसाला माझ्यावर छापलेला सन वाचता येत नव्हता.

एके दिवशी छापखान्याचे मालक केरबा मुखपृष्ठाचा नमुना घेऊन आले. त्याच वेळी बाई शेवटची मुद्रिते तपासायला वाईहून आल्या होत्या. मुखपृष्ठावर माझा फोटो होता, त्याखाली 'शुभवर्तमाने कोणाची, केव्हाची?' हे नाव आणि त्याखाली ठळक अक्षरात 'लेखक: सुमंत'. बाईंचे नाव आतल्या आभारांत होते, मांडववाल्याच्या खाली.

बाईंनी भिंग लावून ते वाचले. सुमंतराव समजावू लागले. आपल्या नावाला वाचक आहे, पुस्तक चार घरांत पोचणे महत्त्वाचे, विद्वानाने नावाचा हव्यास धरू नये. एवढ्यावर थांबते तरी बरे होते. पण ते हसून म्हणाले, "अहो बाई, तुम्हीच लिहिलंय ना, मार्कानं नाव घातलं नाही म्हणून? मग तुम्हाला कशाला हवंय?"

बाईंचा हात माझ्यावर होता. आवाज शांत होता.

"ज्यानं ते लिहिलं, त्यानं स्वतःचं नाव घातलं नाही, सुमंतराव. आणि दुसऱ्याच्या लिखाणावरही घातलं नाही."

केरबांनी टेबलावरचा नमुना उचलून पिशवीत घातला. "बाई, तुमी सांगाल ते नाव छापीन," ते म्हणाले. "तवर एक प्रत भाइर जानार न्हाई."

पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाच्या निमंत्रणपत्रिका गेल्या होत्या. सुमंतरावांना तो पुढे ढकलणे कमीपणाचे वाटले. पुस्तक नाही तर नाही. त्यांनी मला सोनेरी कागदात गुंडाळले आणि वर रेशमी फीत बांधली. पाहुण्यांनी पुडके उंच धरायचे, फोटो निघायचे, काम झाले.

पण प्रमुख पाहुणे होते नानासो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता उसाची शेती बघणारे आणि मंडळाला हॉल बांधून देणारे. हातात पुडके दिले तर ते उघडायचे, एवढेच त्यांना ठाऊक. सुमंतराव अडवायला पुढे झाले, तोवर त्यांनी फीत सोडून कागद नीट घडी करून खिशात ठेवला होता. चष्मा लावून त्यांनी माझे पहिले पान माइकसमोर सावकाश वाचले.

"सुमंतराव," ते अगदी सरळपणे म्हणाले, "हे तुमी लिवलंय व्हय? नावं तर दुसऱ्याच चौघांची हायत."

सगळा हॉल हसला. सुमंतराव म्हणाले की छापखान्याची चूक झाली. तेव्हा मागच्या रांगेत बाईंशेजारी बसलेले केरबा उठले. पुस्तक तयार आहे, ते या बाईंनी लिहिले आहे आणि त्यांचे नाव पडल्याशिवाय आपण ते देणार नाही, असे त्यांनी सांगितले. नानासोंनी बाईंना व्यासपीठावर बोलावले. बाई वर आल्या. त्यांनी मला हातात घेतले, एवढेच.

ते पुस्तक पुढे चारुलताबाईंच्या नावाने निघाले.

आता मी वाईला असते. शेजारच्या गावचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ अधूनमधून येतात. मत्तयाचे शुभवर्तमान मत्तयानेच लिहिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. बाईंना ते पटत नाही. दोघे मला मध्ये उघडे ठेवून चहा गार होईपर्यंत भांडतात, आणि दोघांनाही माझी पाने पाठ आहेत. असे भांडण ऐकायला मला आवडते.

मित्रांनो, मला मखरात बसवू नका आणि कपाटाखालीही घालू नका. माना किंवा मानू नका, पण आधी वाचा. ज्याने लिहिले त्याचे नाव ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर ठाऊक नाही असे सांगा.

सुमंतरावांचे नवे पुस्तक येते आहे म्हणे. ते कोणी लिहिले, याची चौकशी आत्ताच करून ठेवा. दोन हजार वर्षांनी अभ्यासकांना उगाच त्रास नको.