लॉट चारवरची हरकत

माझी बायको उल्का गेली हे मला कळायच्या आधी सात जणांना कळलं होतं. तिच्या प्रयोगशाळेतली चैत्राली, तिथला सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेतले दोघे, डॉक्टर, आमची रिसेप्शनिस्ट आणि माझा साहेब. मी त्या वेळी सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या आमच्या कारखान्यात क्लीनरूममध्ये होतो आणि फोन बाहेर लॉकरमध्ये होता. क्लीनरूममध्ये फोन न्यायचा नाही, मधेच कोणाला बाहेर बोलवायचं नाही, हा नियम मी केलेला आहे. साहेबाने तो पाळला. पाऊण तास तो दाराबाहेर उभा राहिला. मी बाहेर आलो, टोपी काढली, हातमोजे काढले, ते ठरलेल्या डब्यात टाकले आणि मग त्याने सांगितलं. मेंदूत रक्तस्राव. वन-नॉर्थ भागात तिच्या प्रयोगशाळेत, उभ्या उभ्या. मंगळवार, सात ऑक्टोबर.

मी क्वालिटी विभागात आहे. काम झालं की त्याची नोंद झाली का ते बघणं, हे माझं काम. जे लिहिलं नाही ते केलं नाही असं धरायचं, असं मी बारा वर्षं नवीन माणसांना शिकवतो.

उल्का नाचणीवर काम करायची. नाचणीला करपा पडतो, त्यावर. कोणत्या जाती करप्याला दाद देत नाहीत हे शोधायचं होतं आणि त्यासाठी नाचणी जिथून आली तिथे, म्हणजे आफ्रिकेत, ती लावून बघायची होती. इथलं एक प्रतिष्ठान अशा कामाला निधी देतं. अट अशी की संशोधन दोन आफ्रिकी देशांनी मिळून करायचं आणि मध्ये तिसऱ्या देशातला समन्वयक हवा. कोणाला झुकतं माप मिळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आपसांत परस्पर बोलायचं नाही, सगळं समन्वयकामार्फत.

समन्वयक उल्का. एका बाजूला झांबियातल्या लुंडाझीच्या टेम्वानीबाई, दुसऱ्या बाजूला मलावीतल्या मझिंबाचे डॉक्टर गोंडवे. दोघांच्या गावांत गाडीने काही तासांचं अंतर, मध्ये सीमा, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे बोली एकच. पण गोंडव्यांना 'बियाणं कधी पाठवता' एवढं विचारायचं असलं तरी ते इंग्रजीत लिहून सिंगापूरला पाठवायचं. उल्का ते वाचायची, त्यात दोन हरकती काढायची आणि लुंडाझीला पाठवायची. तीन वर्षं ओळख असून ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. याला संयुक्त संशोधन म्हणतात.

निधी मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. जूनमध्ये झाला. पहिली पेरणी या मोसमात होती.

इथे मंडाई नावाची जागा आहे, तिथल्या स्मशानात प्रतिष्ठानाच्या अधिकारी ह्वी लिंग आल्या होत्या. उल्काचं आणि त्यांचं दर आठवड्याला भांडण व्हायचं. त्या रांगेत उभ्या राहिल्या, जाईला जवळ घेतलं, रडल्या. जाई माझी मुलगी, चौदा वर्षांची. सगळं आटोपेपर्यंत त्या थांबल्या होत्या.

त्यानंतरच्या सोमवारी उल्काच्या फोनवर त्यांचा मेल आला. तिचा फोन मी रोज चार्ज करत होतो. विद्यापीठाने तिचं खातं तिसऱ्या दिवशी बंद केलं होतं, पण प्रतिष्ठानाचे मेल तिच्या घरच्या पत्त्यावर यायचे.

'प्रिय डॉ. उल्का, आपण कुशल असाल अशी आशा आहे. झांबियाहून मलावीला जाणारे बियाण्याचे चार लॉट आपल्या संमतीसाठी थांबले आहेत. दहा कामकाजी दिवसांत हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. आपली, ह्वी लिंग.'

दिवाळीची सुट्टी सोडून दहा दिवस, म्हणजे अठ्ठावीस तारीख.

कळवायला हवं होतं. मी प्रतिष्ठानाच्या पोर्टलवर गेलो. समन्वयक काम सोडत असल्यास भरायचा फॉर्म होता. कारण निवडा: राजीनामा, बदली, हितसंबंध, प्रसूती रजा, इतर. मी 'इतर' निवडलं आणि पुढे 'मृत्यू' लिहिलं. त्याखाली एक रकाना उघडला: पुन्हा रुजू होण्याची अपेक्षित तारीख. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. असे फॉर्म आमच्याकडेही आहेत. त्यातले काही मी तपासून पास केलेले आहेत.

मग मी साधं पत्र लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला आणि पाठवण्याआधी ह्वी लिंगना फोन केला, पत्र कोणाच्या नावे पाठवायचं ते विचारायला.

"श्रीनिवास, पाठवू नका ला," त्या म्हणाल्या. इथली माणसं वाक्याला असा 'ला' जोडतात.

"पण तुम्हाला तर माहीत आहे. तुम्ही आला होता."

"मी माझी म्हणून आले होते. ऑफिसला माहीत नाही. तुमचं पत्र आलं की ऑफिसला कळतं. ऑफिसला कळलं की मला फाइल थांबवावी लागते. नवा समन्वयक कमिटी नेमते. कमिटी एप्रिलमध्ये बसते."

"मग एप्रिलमध्ये नेमा."

"तिकडे पाऊस नोव्हेंबरअखेर सुरू होतो. पहिल्या वर्षी पीक नाही तर दुसऱ्या वर्षाचा निधी नाही. उल्काने हे मला इतक्यांदा ऐकवलंय की मला पाठ झालंय. तुम्ही काही करू नका. नुसतं काही करू नका. दहा दिवस गेले की संमती आपोआप."

"मेलात तुम्ही 'कुशल असाल' असं लिहिलंय."

"ते सिस्टिम घालते," त्या म्हणाल्या. "सॉरी, श्रीनिवास. मला ते काढता येत नाही."

पत्र मी ड्राफ्टमध्ये ठेवलं. जाईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ममा गप्प राहिली की ममा येस म्हणाली? ममा? सीरियसली, बाबा?"

उल्का पंधरा वर्षांत एकदाही गप्प राहून हो म्हणाली नव्हती. वुडलँड्सचा हा फ्लॅट घेताना तिने पडद्यांपासून पाण्याच्या नळापर्यंत हरकती काढल्या होत्या. एजंटने शेवटी मलाच एकट्याला बोलवायला सुरुवात केली होती.

दिवाळीला आम्ही काही केलं नाही. त्या आठवड्यात एसी साफ करणारा माणूस दारात आला. मॅडमनी वेळ घेतली होती म्हणाला. मला माहीत नव्हतं. फ्रिजवर तिची यादी लावलेली होती, रोज समोर होती, पण मी दूध काढताना तिच्याकडे बघायचं टाळत होतो. आता बघितली.

एसी सर्व्हिसिंग.
जाई – डेंटिस्ट.
लॉट ४ – हरकत घे!!
श्री – चष्मा.

दोन उद्गारचिन्हं फक्त लॉट चारला होती.

मी चैत्रालीला फोन केला. ती उल्काच्या हाताखाली संशोधन करते. ती म्हणाली, "काका, चारही लॉटचे नमुने मॅडमनी प्लेट्समध्ये लावले होते, बुरशी वाढते का बघायला. चारमध्ये करपा आहे असं त्यांना वाटत होतं. सोमवारी म्हणाल्या होत्या, उद्या परत बघते."

"मग तू बघ."

"प्लेट्स नाहीत, काका. खातं बंद झालं की त्या नावाच्या सगळ्या प्लेट्स टाकून देतात. सेफ्टीचा नियम आहे. मी भांडले, पण गेल्या. नमुन्याचं बियाणंही तेवढंच आलं होतं."

करप्याची बुरशी बियाण्याबरोबर जाते. रोगट लॉट सीमेपलीकडे गेला तर गोंडव्यांच्या शेतात तो पसरणार आणि बाकीच्या तीन लॉटचंही वाटोळं होणार. उल्काच्याच कामाने, उल्काच्याच संमतीने. हरकत फक्त समन्वयकाला घेता येते. तिच्या नावाने मी ती घेतली तर ती बनावट सही. ती गेली असं सांगून घेतली तर फाइल बंद. आणि मी काहीच केलं नाही तर अठ्ठावीस तारखेला ती हो म्हणणार होती.

ऑडिटमध्ये मी माणसांना याहून कमी गोष्टींसाठी घरी पाठवलेलं आहे.

रविवारी दुपारी मी टेम्वानीबाई आणि गोंडवे या दोघांना एकाच कॉलवर घेतलं. हे प्रतिष्ठानाच्या नियमात बसत नव्हतं. पण मी प्रतिष्ठानाचा कोणी नव्हतो. दोघांनाही बातमी होती. चैत्रालीने कळवलं होतं. दोघंही आधी उल्काबद्दल बोलले, मी ऐकून घेतलं. मग लॉट चारचं सांगितलं.

टेम्वानीबाई ताठ झाल्या. "लॉट चार माझ्या आईच्या शेतातला आहे. चारांत सगळ्यात चांगला. पुरावा काय?"

"चिठ्ठी आहे."

"कुठली चिठ्ठी?"

"फ्रिजवरची." मी फोटो पाठवला.

"हे काय लिहिलंय?"

"मराठीत आहे. लॉट चार, हरकत घे."

"आणि त्याच्या वर?"

"एसी साफ करून घ्यायचा. आणि मुलीचा डेंटिस्ट."

"मिस्टर श्रीनिवास, मी पीएचडी केलीय. तुम्ही मला एसीच्या चिठ्ठीवरून आईचं बियाणं टाकून द्यायला सांगताय?"

गोंडवे साठीचे असतील. ते खाकरले. "तीन वर्षांत डॉ. उल्कांनी कारणाशिवाय हरकत घेतलेली मी पाहिली नाही."

"मी पंधरा वर्षं पाहिलीय," मी म्हणालो.

गोंडवे हसले. मग टेम्वानीबाईही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "मग तुमचं मत काय? तिची चूक असेल?"

"पडद्यांबद्दल तिची चूक होती," मी म्हणालो. "कामात मला माहीत नाही. पण दोन उद्गारचिन्हं ती कधी काढत नसे. मी घरभर तिच्या चिठ्ठ्या शोधल्या. कुठेच नाहीत."

त्यावर गोंडवे टेम्वानीबाईंना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. त्या चमकल्या. बहुधा हा माणूस आपली भाषा बोलतो हे इंग्रजी मेलांमधून त्यांना कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं, जरा मोठ्याने. गोंडव्यांनी आवाज चढवला. दहा मिनिटं ती दोघं भांडत होती. मला त्यातलं 'उल्का' आणि 'सिंगापूर' एवढंच कळलं. मी म्यूट करून चहा ठेवला. परत आलो तर दोघं हसत होती.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"हे मझिंबाला कोणाकडचे, ते विचारत होते मी," टेम्वानीबाई म्हणाल्या. "माझी मावशी त्यांच्याच चर्चला जाते."

"आणि लॉट?"

"तीन लॉट येतील," गोंडवे म्हणाले. "मी स्वतः सीमेवर जाऊन घेतो."

"आईला मी काय सांगू ते मात्र तुम्ही सांगा," टेम्वानीबाई मला म्हणाल्या.

अठ्ठावीस तारीख आली आणि गेली. एकोणतीसला सकाळी मेल आला: 'प्रिय डॉ. उल्का, चारही लॉटना आपण दिलेल्या संमतीबद्दल आभार.' जाईने तो वाचला आणि म्हणाली, "शी वुड बी सो अँग्री ला." त्या दिवशी आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो.

पुढच्या शनिवारी टेम्वानीबाईंनी फोटो पाठवला. शेताच्या कडेला एक पोतं जळत होतं, शेजारी एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. त्या बाई रागावलेल्या होत्या हे फोटोतही कळत होतं. खाली लिहिलं होतं: लॉट चार. मी तो फोटो थोडा वेळ बघितला आणि फोन ठेवून दिला. महिन्यापूर्वीच मी मंडाईच्या स्मशानात उभा होतो.

पेरणी वेळेवर झाली. पीक उभं राहिलं. करपा कुठे पडला, कुठे नाही याच्या नोंदी गोंडव्यांनी नीट ठेवल्या. अहवालात लॉट चारपुढे त्यांनी 'उगवण नाही' असं लिहिलं. मी तो वाक्यन् वाक्य तपासला. खोटं काही नव्हतं. लॉट चारमध्ये करपा खरंच होता की उल्काचा तो पडद्यांसारखाच एक हट्ट होता, हे आता कोणालाच कळणार नाही. टेम्वानीबाईंच्या आईचं मत ठाम आहे.

ती दोघं आता रोज परस्पर बोलतात. मग नियम पाळायचा म्हणून तेच इंग्रजीत लिहून उल्काला पाठवतात. तिच्या फोनवर ते येतं. मी वाचतो. उत्तर कोणी मागत नाही.

एप्रिलच्या शेवटी ह्वी लिंगचा फोन आला. "कमिटी झाली. दुसऱ्या वर्षाचा निधी मिळाला. कमिटीने समन्वयकांचं कौतुक केलंय, सुरळीत काम, एकही हरकत नाही."

"एकही हरकत नाही," मी म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "आता मात्र पत्र पाठवा, श्रीनिवास. आता ऑफिसला कळलं तरी चालेल. चैत्रालीचं नाव मी पुढे करते, ती काम करेल. फक्त तुमचं पत्र हवं. आजच पाठवा ला."

मी हो म्हणालो. ड्राफ्ट उघडला. पत्र बरोबर होतं, दाखला जोडलेला होता, तारीख तेवढी बदलायची होती. तेवढ्यात तिच्या फोनवर मेल आला. प्रिय डॉ. उल्का, अभिनंदन, आपण कुशल असाल अशी आशा आहे. या देशात तिला अजून असं विचारणारं दुसरं कोणी नाही. बँकेला, विद्यापीठाला, मनुष्यबळ खात्याला मी पहिल्याच महिन्यात कळवलं होतं.

ह्वी लिंगच्या त्या फोनला आता पाच आठवडे झाले. त्यांचे आणखी दोन फोन येऊन गेले. एसी झाला, जाईचा डेंटिस्ट झाला, माझा चष्माही झाला. पत्र अजून पाठवलेलं नाही.